शनिवारचे यार्ड रविवारी किती उरतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ओहायोत एमएस करतात आणि विद्यापीठाचे सामने बघता बघता अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागले आहेत. त्यांच्या आवडत्या वाइड रिसीव्हरने, म्हणजे पास झेलून चेंडू पुढे नेणाऱ्याने, गेल्या मोसमात १,२०० च्या वर यार्ड काढले, ४० यार्डांची धाव ४.४ सेकंदांत मारली, आणि तरी ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, अंदाजाच्या बहुतेक याद्यांत तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत दिसतो. "आकडे इतके चांगले असताना स्काउट लोकांना नेमकं काय खटकतं? टेप बघायची की आकडे?"

मी बरीच वर्षं एका छोट्या स्काउटिंग सेवेसाठी कॉलेज खेळाडूंच्या टेप बघून अहवाल लिहितो, बहुतेक रिसीव्हर आणि त्यांना अडवणारे बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, यांचे. त्यामुळे माझं उत्तर त्या जागांकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो. ऑफेन्सिव्ह लाइनवाला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंत धरणाऱ्यांचे अहवाल लिहिणारा, माणूस यातल्या निम्म्या गोष्टी वेगळ्या सांगेल.

"टेप की आकडे" हा वाद टीव्हीवरच्या चर्चेला बरा असतो. अहवाल लिहायला बसलं की प्रश्न दुसराच असतो: त्या १,२०० यार्डांतले त्याचे स्वतःचे किती? शनिवारी कॉलेजचे सामने होतात, रविवारी एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे. त्याचे स्वतःचे जेवढे, तेवढेच तो रविवारी बरोबर नेणार. बाकीचे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे, कोचने आखलेल्या प्लेचे (चालीचे), समोरच्या दुबळ्या संघाचे आणि कॉलेजच्या नियमांचे. ते कॉलेजातच राहतात. टेप, स्टॉपवॉच, मोजपट्टी, मुलाखती हे सगळं या एका वजाबाकीसाठी चाललेलं असतं.

ज्यांनी ड्राफ्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आयपीएलच्या लिलावात खिशात पैसे असले की हवा तो खेळाडू मिळवता येतो. इथे रांग असते. ३२ संघ, सात फेऱ्या, गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला. एप्रिलच्या शेवटी तीन दिवसांत अडीचशेच्या आसपास मुलं निवडली जातात, आणि २०११ च्या करारापासून नवख्याचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरच जवळजवळ ठरतो. म्हणजे चूक झाली तर पैशापेक्षा जास्त नुकसान क्रमांकाचं होतं. तो क्रमांक पुन्हा मिळत नाही.

आता वजाबाकी. सुरुवात नियमांपासून करतो, कारण चाहत्यांचं तिकडे सहसा लक्ष जात नाही. मैदानावर हॅश मार्कच्या दोन ओळी असतात. आधीचा प्ले कडेला संपला तरी पुढचा प्ले त्या ओळींच्या बाहेरून सुरू होत नाही. कॉलेजात या दोन ओळींत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. हिशेब करा: कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं रान मिळतं, एनएफएलमध्ये सुमारे ८९. त्या जादा अकरा फुटांत कितीतरी साधे पास मोठे दिसतात. दुसरं, कॉलेजात पासच्या प्लेवर समोरच्यांना अडवणारा लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजात रन-पास ऑप्शनचा, म्हणजे चेंडू घेऊन धावायचं की फेकायचं हे आयत्या वेळी ठरवण्याच्या प्लेचा, सुकाळ असतो: लाइनबॅकर, म्हणजे मधला बचावपटू, रन समजून पुढे धावतो आणि त्याच्या पाठीमागे रिसीव्हर एकटा उभा असतो. तो पास कोणीही झेलेल. तिसरं, कॉलेजात झेल घेताना एक पाय मैदानात असला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. साइडलाइनवरचे झेल मी थांबवून, दुसरा पाय कुठे पडला ते बघतो. जो मुलगा गरज नसताना दुसरा पायही आत टेकवतो त्याच्या अहवालात मी ते आवर्जून लिहितो.

एक नियम उलट्या बाजूचा आहे, तोही सांगायला हवा. एनएफएलमध्ये पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देता येत नाहीत. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत बचावपटूला बरीच मोकळीक असते. अंगाने किरकोळ पण पायाने चपळ मुलांना याचा थोडा फायदा होतो. थोडाच.

नियमांनंतर प्रतिस्पर्धी. कॉलेजच्या वरच्या पातळीवर १३० हून अधिक संघ आहेत. एनएफएलमध्ये ३२, प्रत्येकात ५३ जण. तुमच्या रिसीव्हरच्या समोर मोसमभरात जे कॉर्नरबॅक आले त्यांतले पुढे एनएफएल खेळणारे दोन, फार तर तीन असतील. मी आधी तेच सामने काढतो. उरलेल्या सामन्यांत तो हुशार आहे हे कळतं, पुरेसा आहे का हे कळत नाही. कूपर कप हा ईस्टर्न वॉशिंग्टन या खालच्या विभागातल्या संघाचा. तिथले त्याचे डोंगराएवढे आकडे एकट्याने फार काही सांगत नव्हते, पण २०१५ मध्ये ओरेगनसारख्या मोठ्या संघाविरुद्ध त्याने दोनशेच्या वर यार्ड काढले होते. २०१७ च्या ड्राफ्टआधी त्याची ४० यार्डांची वेळ ४.६२ आली आणि तो तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर रॅम्सकडे गेला. २०२१ च्या मोसमात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता.

मग टेप. टेप म्हणजे यूट्यूबवरचे हायलाइट नव्हेत. हायलाइटमध्ये प्रत्येक जण महान असतो. सामन्यात संघाचे साठ-सत्तर स्नॅप होतात (प्रत्येक स्नॅप म्हणजे एका प्लेची सुरुवात) आणि त्यातले आठ-दहा वेळा चेंडू या मुलाकडे येतो. माझा जास्त वेळ उरलेल्या पन्नासेक स्नॅपवर जातो. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असताना तो आपला रूट, म्हणजे ठरलेला धावमार्ग, पूर्ण वेगाने धावतो का? रन प्लेवर ब्लॉक करतो की बचावपटूच्या अंगाला हात लावून मोकळा होतो? चौथ्या क्वार्टरमध्ये, वीस गुणांनी मागे असताना, त्याचे खांदे कसे दिसतात? आळस आणि थकवा टेपवर सारखेच दिसतात, म्हणून त्याने सलग किती स्नॅप खेळले होते तेही मोजावं लागतं.

चेंडू येतो त्या स्नॅपवर मी सगळ्यात आधी सुरुवातीचे दीड-दोन यार्ड बघतो. कॉर्नरबॅक नाकासमोर उभा राहून छातीवर हात मारतो तेव्हा तो कसा सुटतो? याला प्रेस म्हणतात, आणि कॉलेजचे बरेच रिसीव्हर मोसमभरात प्रेस फारसा बघतच नाहीत. कोच त्यांना स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला उभं करतात, स्नॅपच्या आधी हलवतात, दोघांना एकामागे एक लावतात. ते कोचचं कौशल्य. एनएफएलमध्ये बाहेरच्या बाजूला खेळायचं तर प्रेसमधून सुटणं ही प्रवेश परीक्षा आहे. त्यानंतर रूटच्या वळणावर: वळायच्या आधी तो कंबर वर काढतो का, पावलं आखडतो का? अनुभवी कॉर्नरबॅक तेवढ्यावरूनच ओळखतो. आणि झेल घेताना हात शरीरापासून लांब जातात की चेंडू छातीवर येऊ दिला जातो? छातीवर घेणाऱ्याचे झेल कॉलेजात सुटत नाहीत, कारण बचावपटू दोन पावलं मागे असतो. रविवारी तो अर्धं पाऊलच मागे असतो.

इथवर एकही घड्याळ लावलेलं नाही. आता आकडे.

कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची सामूहिक चाचणी, १९८७ पासून इंडियानापोलिसला भरते. तिथल्या वेळा आणि उड्या मी टेपला विचारलेले प्रश्न म्हणून वापरतो. टेपवर मुलगा संथ वाटला आणि ४.३८ धावला, तर पुन्हा टेपकडे जायचं: त्याला रूट नीट पाठ नव्हते का? दुखापत घेऊन खेळत होता का? उलट टेपवर वेगवान वाटला आणि ४.६ आली, तर बहुधा तो समोरच्याची चाल लवकर ओळखत असतो. कप हे दुसऱ्या प्रकारचं उदाहरण. टेप आणि घड्याळ जुळले तर आकड्याने नवीन काही सांगितलं नाही, पुढे चला. नुसत्या आकड्यावर फेरी वाढवण्याचा मोह मात्र जुना आहे. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ चा तेव्हाचा विक्रम केला आणि बेंगल्सनी त्याला नववा घेतला. दुखापतींनीही त्याला छळलं हे खरं, पण एका मोसमात सहाशे यार्डांपर्यंतही तो कधी पोचला नाही. बचावफळीत व्हर्नन गोल्स्टनचं नाव अजून निघतं: २००८ ला कंबाइनमध्ये डोळे दिपवले, जेट्सनी सहावा घेतला, कारकीर्दीत एकही सॅक नाही, म्हणजे चेंडू फेकण्याआधी क्वार्टरबॅकला एकदाही पाडलं नाही. दुसऱ्या टोकाला ऑरलँडो ब्राउन ज्युनियर. २०१८ च्या कंबाइनमध्ये ४० यार्डांना ५.८५ सेकंद आणि बेंच प्रेसचे १४ रेप्स, टॅकलसाठी (लाइनच्या कडेच्या रक्षकासाठी) दोन्ही लाजिरवाणे. तिसऱ्या फेरीत ८३ व्या क्रमांकावर गेला आणि पुढे अनेकदा प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. कॉलेजच्या टेपवर त्याला ओलांडून जाणं किती कठीण आहे हे स्वच्छ दिसत होतं.

तरी आकडे टाकून द्यायचे नसतात. डीके मेटकाफचं २०१९ चं उदाहरण मला आवडतं, कारण त्यात दोन आकड्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. २२८ पौंडांच्या देहाने ४० यार्ड ४.३३ मध्ये, आणि तीन शंकूंभोवती वळत धावण्याची चाचणी ७.३८ सेकंदांत, जी त्या वेगाच्या माणसाला शोभणारी नाही. म्हणजे सरळ धावला तर वादळ, तीव्र वळणं घ्यायला लावलीत तर जड. तो दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, ६४ व्या क्रमांकावर गेला. सिअ‍ॅटलने त्याला बऱ्याच अंशी सरळ, लांबच्या रूटवर खेळवलं आणि पहिल्याच मोसमात ९०० यार्ड मिळवले. आकड्यांनी त्याची भूमिका सांगितली आणि संघाने ती ऐकली.

वयाकडे पूर्वी आम्ही फारसं बघत नव्हतो, आता बघावंच लागतं. कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष, बदली सोपी करणारं ट्रान्सफर पोर्टल आणि २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर मिळणारा पैसा, या तिघांमुळे मुलं कॉलेजात जास्त काळ राहू लागली. चोविशीचा रिसीव्हर एकोणिसाव्या वर्षाच्या कॉर्नरबॅकला हरवतो त्यात नवल काय? म्हणून आकडेवाले लोक विचारतात की संघाच्या एकूण पासिंग यार्डांतला मोठा हिस्सा हा मुलगा पहिल्यांदा कोणत्या वर्षी घेऊ लागला. पाळण्यातले पाय बघण्याचीच ही रीत, आणि ती मला पटते. तुमच्या रिसीव्हरने हे १,२०० यार्ड पाचव्या वर्षी काढले असतील आणि आधीच्या चार वर्षांत फारसं काही नसेल, तर याद्यांतलं निम्मं कोडं इथेच सुटलं.

क्वार्टरबॅकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक परिच्छेद, कारण परिस्थिती वजा करणं सगळ्यात अवघड तिथेच असतं. बो निक्स ऑबर्नला होता तोवर पहिल्या फेरीचा कोणी म्हणत नव्हतं; ओरेगनला गेला, आखणी बदलली, आणि एकूण ६१ सामने सुरुवात करून २०२४ मध्ये १२ वा निवडला गेला. मग खरा निक्स कोणता? २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जेमतेम १३ सामने सुरुवात केलेला मिच ट्रुबिस्की दुसरा गेला आणि टेक्सस टेकचा पॅट्रिक महोम्स दहावा. महोम्सबद्दल शंका त्याच्या संघाच्या पद्धतीवर होती, की त्या पद्धतीत सगळ्यांचेच आकडे फुगतात. शंका रास्त होती. पण कोसळत्या पॉकेटमधून (लाइनने क्वार्टरबॅकभोवती धरलेल्या कड्यातून), पाय जमिनीवर नसताना त्याने फेकलेले चेंडू कोणत्याही पद्धतीने त्याला शिकवलेले नव्हते. शिवाय पहिलं वर्ष तो अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. दुसऱ्या एखाद्या संघात पहिल्या दिवसापासून उभं केलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

बाहेरून बघणाऱ्याला न दिसणारा भाग आता. कंबाइन मुळात सुरू झाली ती सगळ्या संघांना वैद्यकीय तपासणी एका जागी करता यावी म्हणून. धावणं-उड्या टीव्हीला हव्यात. संघांच्या डॉक्टरांना गुडघे आणि खांदे हवे असतात. २०१६ मध्ये यूसीएलएचा माइल्स जॅक पहिल्या पाचांत जाईल असं बोललं जात होतं. गुडघ्याच्या शंकेने तो ३६ वा गेला. त्यामुळे एखादा मुलगा कारण न कळता खाली घसरला की "३२ च्या ३२ संघ आंधळे" असं म्हणण्याआधी मी थांबतो. संघाचे स्काउट कॉलेजच्या ट्रेनरशी, सामान सांभाळणाऱ्याशी, अभ्यासाचा सल्लागार असतो त्याच्याशी बोलतात, मुलाला फळ्यावर प्ले काढायला लावतात. तुमच्या-माझ्या हाती यातलं काही लागत नाही. आणि जे फुटून बातम्यांत येतं त्यावर तर अजिबात विसंबू नका. २०२३ मध्ये सीजे स्ट्राउडचे एका आकलन चाचणीतले कमी गुण असेच बाहेर आले, आठवडाभर गदारोळ झाला, आणि तो दुसरा निवडला जाऊन त्या मोसमाचा सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला.

"तिसरी-चौथी फेरी" हा शेरा तुम्हाला अपमान वाटतो आहे, असं प्रश्नावरून दिसतं. तो अपमान नाही. आमच्या अहवालात फेरीच्या आधी भूमिका लिहितात: बाहेरचा पहिला रिसीव्हर, स्लॉटचा, किक परतवणारा, चौथा-पाचवा पर्याय. फेरी त्या भूमिकेवरून निघते. शिवाय त्या वर्षी त्या जागेवर किती मुलं आहेत यावरही. रिसीव्हर हल्ली दरवर्षी भरपूर येतात, म्हणून चांगला रिसीव्हरही मागे सरकतो, तर बऱ्यापैकी लेफ्ट टॅकल पुढे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी तर असं मांडलं की संघ अगदी वरच्या क्रमांकांची किंमत अवास्तव लावतात आणि किमतीच्या मानाने खरा फायदा थोड्या खालच्या निवडींत असतो. प्यूका नकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ वा गेला आणि नवख्यांचे झेल-यार्डांचे विक्रम मोडून बसला: १०५ झेल, १,४८६ यार्ड. अशी उदाहरणं विरळा आहेत, पण फेरी म्हणजे भाकीत नसून बोली आहे एवढं त्यातून कळतं.

तर तुमच्या रिसीव्हरचं काय? त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक पासची एक्सेल शीट करा. रकाने थोडेच ठेवा: समोर प्रेस होता की मोकळी सुरुवात, तो बाहेर होता की स्लॉटमध्ये, चेंडू हवेत किती यार्ड गेला, स्क्रीन (लाइनजवळचा आखूड पास) किंवा रन-पास ऑप्शन होता का, झेलाच्या क्षणी बचावपटू हाताच्या अंतरावर होता का, आणि समोरचा कॉर्नरबॅक कोण. मग स्क्रीनचे यार्ड काढून टाका. झोन बचावातल्या (माणसाऐवजी जागा राखण्यातल्या) गोंधळामुळे पूर्ण मोकळा सुटलेला असेल ते काढा. पन्नास-साठ यार्डांचे दोन-तीन लांब प्ले वेगळे ठेवा, कारण १,२०० तले दीडशे-दोनशे त्यातच असतात. जे उरेल ते त्याचं. अडचण एवढीच की कॉलेज सामन्यांची ऑल-२२ टेप, म्हणजे सगळे २२ खेळाडू एकाच चौकटीत दिसणारी, सर्वसामान्यांना सहज मिळत नाही, आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. त्यामुळे चेंडू न आलेले स्नॅप तुम्हाला अर्धवटच दिसतील. तुम्ही तर विद्यापीठातच आहात. एखादा सामना स्टेडियमच्या वरच्या, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) बाजूच्या स्वस्त जागेवरून बघा आणि एक अख्खा क्वार्टर चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा.

त्या शीटमध्ये प्रेसविरुद्धचे वीसेक पास निघाले आणि त्यातल्या निम्म्यांत तो स्वच्छ सुटला असेल, तर मी त्याला दुसऱ्या फेरीत धरेन आणि याद्यांशी भांडेन. प्रेस जवळजवळ नाहीच, बहुतेक यार्ड स्लॉटमधून आणि मोकळ्या सुरुवातीवर, असं निघालं तर ४.४ च्या वेगाचा स्लॉट रिसीव्हर म्हणून तिसरी-चौथी फेरी बरोबर आहे. तिथे मी त्याला आनंदाने घेईन, आणि दुसऱ्या संघाने त्याच्यासाठी दुसरी फेरी खर्च केली तर हळहळणार नाही.